वळणाच्या बोयापाशी

ब्रॅमली हेडमध्ये मोठ्या माणसांना नदीत पोहायला शिकवण्याचं काम नरेल पिकेटनं कधी कुणाकडे मागितलं नव्हतं. ते आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं. ती कोळंबी पकडणाऱ्या बोटवाल्याची मुलगी. चालायला लागायच्या आधी एकदा धक्क्यावरून पाण्यात पडली आणि बापानं जाळं टाकेपर्यंत आरामात तरंगत राहिली, असं तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. गावातल्या ट्रायथलॉन क्लबात येणाऱ्या निम्म्या लोकांना सायकल यायची, पळताही यायचं. पाणी म्हटलं की मात्र पोटात गोळा. असा माणूस आला की क्लबाचा अध्यक्ष बेवन स्टब्ज त्याला रविवारी सकाळी सरळ नरेलपुढे उभा करायचा. "याला पाण्यात घाल," म्हणायचा, "आणि जमलं तर परत बाहेर काढ."

जसिंटा डॉईल अशीच आली. नवऱ्याला सोडून सिडनीहून आलेली, घरं विकायचा धंदा, बोलायला चुरचुरीत. सायकलवर बसली की भल्याभल्या पुरुषांना मागे टाकायची. पण पहिल्या रविवारी गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि रडायलाच लागली.

"यात शार्क असतात ना गं?" तिनं विचारलं.

"असतात की," नरेल म्हणाली. "पण रविवारी ते उशिरा उठतात. चल, पाठीवर पड. माझा हात आहे खाली."

सगळा उन्हाळा नरेलनं तिच्या पाठीखाली हात धरला. तोंड पाण्यात घालायला शिकवलं, श्वास सोडायला शिकवलं, घाबरलीस की पाठीवर उलट आणि आभाळाकडे बघ हे तर शंभरदा शिकवलं. पुढे दोघींची गट्टी जमली. एकीच्या गाडीत दोघींच्या सायकली, एकीच्या डब्यात दोघींची सँडविचेस. नरेल शाळेची बस चालवायची, त्यामुळे तिचा सगळा सराव उजाडायच्या आत. जसिंटाला तेवढ्या लवकर उठायची गरज नव्हती, तरी ती यायची. दोघींनी पन्नाशी ओलांडली तेव्हा नरेलच्या अंगणात एकच केक कापला होता.

त्या वर्षी गावच्या शर्यतीला वेगळंच महत्त्व आलं. हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा पुढच्या वर्षी स्पेनला व्हायची होती आणि तिच्या निवडीची शेवटची शर्यत ब्रॅमली हेडला ठरली. प्रत्येक वयोगटातले पहिले तीन देशाच्या हिरव्या-पिवळ्या पोशाखात स्पेनला जाणार. दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर पळायचं. नरेल तीन वर्षं यासाठीच झिजत होती. आधीच्या दोन निवडींत ती थोडक्यात हुकली होती. एकदा सायकल पंक्चर झाली, एकदा पोटरीत गोळा आला. तिचा नवरा वॉरिक साखर कारखान्यात पाळीवर असायचा. घरात भाजी शिजली नाही तरी तो कुरकुरत नसे; फक्त कधीतरी म्हणायचा, "या खेपेला जाऊन ये बाई एकदाची, म्हणजे मला ताटात काहीतरी गरम दिसेल."

पन्नाशीच्या गटात बाहेरगावच्या दोन बायका अशा होत्या की त्यांना गाठणं कुणाच्या आवाक्यात नव्हतं. म्हणजे उरली एक जागा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की ती एक तर नरेलची नाही तर जसिंटाची. दोघी त्यावरून एकमेकींची थट्टाही करायच्या.

"तू पाण्यात पुढे जा, मी सायकलवर तुला गाठते," जसिंटा म्हणायची.

"गाठ की. मग पळताना मी तुझी मान धरते."

शर्यत नोव्हेंबरात होती. आदल्या दिवशी कुणीतरी तोडणीआधी उसाचा फड पेटवला होता, त्यामुळे सकाळी रांगेनं लावलेल्या सायकलींवर काळी राख भुरभुरली होती. लोक सायकलींच्या बैठका पुसत होते, केळी खात होते, शौचालयापुढे रांगा लावत होते. पन्नाशीपुढच्या बायकांना हिरव्या टोप्या मिळाल्या होत्या. काळ्या रबरी पोशाखात आणि हिरव्या टोपीत सगळ्या सारख्याच दिसायच्या. जसिंटाचे ओठ पांढरे पडले होते.

"भरती लागलीय," नरेल तिला म्हणाली. "नदीच्या तोंडाशी, वळणाच्या बोयापाशी पाणी उचंबळेल. तिथं घाई करू नकोस. बाकीच्यांना जाऊ दे, मग वळ."

"तू तुझं बघ गं," जसिंटा म्हणाली. रागानं नव्हे, भीतीनं.

भोंगा वाजला. नरेलला पहिल्या शंभर हातांतच कळलं की आज अंग हलकं आहे. पाणी थंड होतं, चवीला अर्धं गोड अर्धं खारट, आणि हात कसा लोण्यात घातल्यासारखा आत जात होता. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पिवळ्या बोयापर्यंत तिच्या पुढे गटातल्या दोनच टोप्या होत्या. ती वळली. वळताना डावीकडे श्वास घेतला आणि तिच्या कानावर तिचं नाव पडलं.

"नरेल!"

मागे, बोयाच्या पलीकडे, एक हिरवी टोपी खालीवर होत होती. हात पाण्यावर थापट्या मारत होते, पुढे काहीच जात नव्हतं. मागून सोडलेल्या दुसऱ्या गटाच्या निळ्या टोप्यांचा घोळका तिच्यावरून जात होता. कुणाची लाथ बसली, कुणाचा हात. नरेलनं पुन्हा तोंड पाण्यात घातलं. दोन हात मारले. मग ती मागे फिरली.

जसिंटाचा गॉगल गेला होता आणि डोळे नुसते पांढरे दिसत होते. नरेल जवळ येताच तिनं तिच्या मानेला मिठी मारली आणि दोघी खाली गेल्या. नरेलनं भरपूर पाणी गिळलं, गुडघ्यानं तिला दूर लोटलं आणि मागून जाऊन काखेत धरलं. "पाठीवर पड! जॅस, ऐकतेस? आभाळाकडे बघ. माझा हात आहे खाली." पोहणाऱ्यांवर नजर ठेवायला अरुंद वल्ह्याच्या होड्या, कयाक, ठेवल्या होत्या; मोकळ्या हातानं ती एका कयाकवाल्याला खुणावत राहिली. तो लांब होता आणि आणखी कुणाला तरी दटावत होता. एकामागून एक टोप्या बाजूनं निघून जात होत्या, हिरव्या, निळ्या, मग चाळिशीतल्या बायकांच्या गुलाबी. नरेलला त्या सगळ्या दिसत होत्या.

शेवटी कयाक आली. जसिंटानं तिच्या टोकाला कवटाळलं आणि ओकली.

"हिला किनाऱ्याला नेतो," कयाकवाला म्हणाला. "तू ठीक आहेस?"

"मी ठीक आहे. जॅस, जातेस ना याच्याबरोबर?"

जसिंटानं मान डोलावली. तिचे दात वाजत होते. नरेलनं तिच्या गालावर हात ठेवला, आणि निघाली.

पाण्यातून वर आली तेव्हा कठड्यापाशी वॉरिक उभा होता. तो हसत नव्हता. "कुठं होतीस?" एवढंच तो ओरडला. सायकलींच्या रांगेत तिच्या गटातल्या निम्म्या जागा रिकाम्या झाल्या होत्या. रबरी पोशाख घोट्यात अडकला, तो तिनं शिव्या देत ओढून काढला.

तरी तिनं हार मानली नाही. उसाच्या फडांमधला तो रस्ता तिच्या पायांना पाठ होता. रोज त्यावर बस चालवायची. वाऱ्याच्या तोंडावर वाकून तिनं दंडावर आपल्या गटाचा क्रमांक असलेल्या एकेकीला मागे टाकलं. परतीच्या वळणावर कुणीतरी ओरडलं, "चौथी आहेस, नरेल! तिसरी पुलावर दिसतेय!" पुलाच्या चढावर तिनं ती तिसरीही गाठली. आता तीच तिसरी होती. म्हणजे थांबूनही जमलं तर!

पूल उतरताना मागून चाकांची सरसर आली आणि एक सायकल उजवीकडून पुढे गेली. पाठीचा बाक, पांढरे मोजे, दंडावरचा क्रमांक. जसिंटा.

नरेलला आधी आनंदच झाला. खरंच झाला. "जॅस! बाई गं, बरी आहेस ना?" ती ओरडली.

जसिंटानं मान वळवली नाही. पाण्याची बाटली तोंडाला लावली, परत खाली अडकवली आणि गेली.

नंतर कळलं ते असं. कयाकला धरून ती थोडा वेळ दम खात राहिली, मग म्हणाली, मी जाते पोहत. तसं करायला नियमाची आडकाठी नाही. कयाक धरून पुढे सरकायचं नाही, एवढंच. नरेलनं शिकवलेल्या संथ हातांनी तिनं उरलेलं अंतर कापलं. आणि सायकलवर तर ती कुणाला ऐकत नव्हती.

पळताना नरेलनं तिला पुढे बघितलं ते शेवटपर्यंत बघितलं. आधी पाठ बोटाएवढी दिसत होती, मग हाताएवढी. धक्क्यावर ऊन तापलं होतं. एका झाडाला धरून नरेल गिळलेलं खारं पाणी ओकली आणि पुन्हा पळायला लागली. शेवटच्या वळणावर दोघींत दहाएक पावलं राहिली. जसिंटानं तेव्हा मात्र मागे वळून बघितलं. नरेलच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, आणि दात आवळून पळाली. ती तिसरी आली. नरेल चौथी.

रेषेपलीकडे नरेल गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. तिला वाटत होतं, आता जसिंटा येईल, गळ्यात पडेल, रडेल. मग आपण म्हणू, जाऊ दे गं, जिवापेक्षा काय मोठं आहे. ते वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. पण जसिंटा बेवनच्या ध्वनिक्षेपकापाशी होती.

"पाण्यात काय झालं, जॅस?" बेवन विचारत होता. "लोक म्हणतात तू कयाकला लटकलेली दिसलीस!"

"कुणाची तरी लाथ बसली, गॉगल गेला, काही दिसेना," जसिंटा म्हणाली. आवाज तिच्या धंद्यातला, गोड आणि खणखणीत. "क्षणभर वाटलं संपलं सगळं. पण मी स्वतःला म्हटलं, जसिंटा, इथं तुला कुणी वाचवायला येणार नाही. तुझं तुलाच पोहायचंय!"

टाळ्या पडल्या. नरेलच्या हातात कुणीतरी केळं दिलं होतं, ते तिनं सोललं आणि तसंच धरून उभी राहिली.

तिनं पंचांना गाठलं. तक्रार म्हणून नव्हे. म्हणजे तिला स्वतःलाही नीट कळत नव्हतं कशासाठी. पंच वयस्कर, सभ्य बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही थांबलात, फार चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी नियम मोडलेला नाही. मदत घेणं हा गुन्हा नाही. आणि मदत करण्यात गेलेला वेळ परत देता येत नाही मला. तसा नियमच नाही."

कयाकवाल्यालाही तिनं शोधलं. तो कयाक गाडीवर बांधत होता. "हो, एकीनं एकीला धरलं होतं खरं," तो डोकं खाजवत म्हणाला. "पण कोण कुणाला, देव जाणे. मी आज सातआठ जणींना दम खाऊ दिला. टोप्या सगळ्या सारख्याच गं."

घरी जाताना गाडी कारखान्याच्या फाटकाशी आली तेव्हा वॉरिक म्हणाला, "तुला कुणी थांबायला सांगितलं होतं?"

"ती बुडत होती, वॉरिक."

"मग कयाकवाले काय कोळंबी पकडायला ठेवलेत? तीन वर्षं, नरेल. तीन वर्षं मी शिळं खाल्लंय."

"तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी पोहतच नाही," वॉरिक म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ती बेवनकडे गेली. त्यानं तिला बसवलं, चहा दिला, दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच तिला कळलं.

"तू म्हणतेस ते खरं असेल," बेवन म्हणाला. "पण आता ते उकरून काय हाती लागणार? गावातली पहिली बाई देशाकडून चाललीय. तू बोललीस तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे? नरेलला हार पचली नाही."

"आणि तू काय म्हणशील?"

"मी? मी अध्यक्ष आहे, मला सगळ्यांना धरून चालावं लागतं." त्यानं बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

ती गावात कुठं बोलली नाही, तरी गोष्ट फुटलीच. वॉरिक पबमध्ये बोलला होता. आणि बेवन म्हणाला तस्संच झालं. शनिवारी ती पबमध्ये शिरली तर कारखान्यातल्या एकानं ग्लास उंच धरून आरोळी ठोकली, "नरेल, माझी बियर बुडतेय गं, धाव!" सगळे हसले. त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. चिडायचीही सोय नव्हती. वॉरिकसुद्धा हसला, मग तिच्याकडे बघून थांबला.

महिनाभर जसिंटा तिला चुकवत राहिली. रविवारी नदीवर आली नाही, फोन उचलला नाही. शेवटी एका दुपारी, पोरं सोडून झाल्यावर, नरेलनं ती लांबलचक रिकामी बस जसिंटाच्या कार्यालयासमोर उभी केली आणि आत गेली. जसिंटा एकटीच होती. भिंतीवर विकाऊ घरांचे फोटो, आणि खुर्चीच्या पाठीला देशाच्या संघाचा तो हिरवा-पिवळा कोट.

"मला काही नको," नरेल म्हणाली. "जागा नको, कोट नको. फक्त एवढं सांग, तुला ठाऊक आहे ना ती मीच होते?"

जसिंटानं लेखणी खाली ठेवली.

"मी तुझ्या नावानं हाक मारली, नरेल. मला ठाऊक नसेल?"

"मग?"

"मग काय? चारचौघांत सांगू, की जी बाई पोहताना बुडत होती तीच देशाकडून चाललीय? लोक इथं माझ्या तोंडाकडे बघून घरं घेतात." ती थांबली. मग आवाज खाली आला, आणि नरेलला वाटलं की आता ही खरं बोलतेय. "हात धरून पोहायला तू शिकवलंस. घर तू शोधून दिलंस. घटस्फोटाच्या वेळी माझ्या उशाशी तू बसलीस. आता जीवही तूच वाचवलास. एवढं घेऊन माणूस कुणापुढं उभं राहणार गं? मला एक गोष्ट माझी हवी होती. एकच."

"ती माझी होती," नरेल म्हणाली.

"तू थांबली नसतीस तर तुझी असती." जसिंटानं खांदे उडवले आणि लेखणी पुन्हा उचलली. "मी हाक मारली. थांबायचं तू ठरवलंस."

नरेलला वाटलं होतं की खरं ऐकलं की मन हलकं होईल. ती बसमध्ये येऊन बसली आणि तिच्या लक्षात आलं की मन हलकं झालेलं नाही, उलट आता एक शंकासुद्धा उरली नव्हती जिच्या आडोशाला बसता आलं असतं.

उन्हाळ्यानंतर जसिंटाच्या धंद्याची नवी जाहिरात निघाली. कोट घातलेली, हाताची घडी केलेली जसिंटा, खाली मोठ्या अक्षरांत: 'मी हार मानत नाही.' बसकंपनीनं ती शाळेच्या बसच्या पाठीवर चिकटवली. नरेल वर्षभर ती पाठ घेऊन गावभर फिरली. पोरं विचारायची, "ही तुझी मैत्रीण ना गं?" ती म्हणायची, "पट्टा लाव."

स्पेनला जसिंटानं शर्यत पुरी केली. नंबर खालचा आला, पण पुरी केली. परत आली तेव्हा क्लबानं नदीकाठी सॉसेज भाजली, पाव-कांदा ठेवला. बेवननं नरेलला फुलं द्यायला बोलावलं. पोहण्याची कप्तान म्हणून ते तिचंच काम होतं. तिनं फुलं दिली. जसिंटानं तिला मिठी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर नरेलनं बेवनला कळवलं की कप्तानपद दुसऱ्या कुणाला तरी दे, आणि माझ्याकडे नवे लोक पाठवू नकोस.

"रागावलीस का?" बेवननं विचारलं.

"नाही. मला माझं पोहायचंय."

तरी नंतर एका रविवारी एक बाई आली. दवाखान्यात नव्यानं लागलेली, तिशीची, अंगावर कोरा करकरीत रबरी पोशाख. कुणीतरी तिला जुनंच सांगितलं असणार.

"तुम्हीच नरेल ना? मला पाण्याची फार भीती वाटते. तुम्ही नुसतं बरोबर राहिलात तरी चालेल, म्हणे तुम्ही पाठीखाली हात धरता—"

"नगरपालिकेच्या तलावावर मंगळवारी वर्ग असतो," नरेल म्हणाली. गॉगल लावला आणि पाण्यात शिरली.

ती लांबवर गेली, पार नदीच्या तोंडापर्यंत. अंग हलकं होतं, हात छान पडत होते. इतकं चांगलं ती कित्येक महिन्यांत पोहली नव्हती. परत आली तेव्हा ती बाई अजून तिथंच उभी होती, पाणी घोट्याच्या जरा वर, दोन्ही हात छातीशी धरून.

"पाणी कसं आहे?" तिनं विचारलं.

"थंड," नरेल म्हणाली. टॉवेल उचलला, गाडीकडे निघाली. त्या बाईचं पुढं काय झालं, ती आत गेली की घरी, ते बघायला ती थांबली नाही.